बकारामनं चढवलेलं साल

ट्रकच्या मागच्या फळीवर, खालच्या कोपऱ्यात, रंगाऱ्याची सही असते. सडक अर्जुनीत रंगवलेला ट्रक पार गुवाहाटीला गेला तरी ‘पेंटर ईश्वरदास, सडक अर्जुनी’ ही अक्षरं त्याच्याबरोबर जातात. त्याच ट्रकचं झाडावर आदळून चपटं झालेलं केबिन कोणी हातोडीनं ठोकून पुन्हा उभं केलं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. डेंटरचं काम चांगलं झालं की दिसत नाही, आणि दिसलं तर समजायचं की चांगलं झालेलं नाही. असला हा उफराटा धंदा. बकाराम टेंभुर्णेनं त्यात अडतीस वर्षं घातली.

ईश्वरदासचं शेड बकारामच्या शेडला लागूनच. बकाराम पत्रा सरळ करायचा, ईश्वरदास त्यावर रंग चढवायचा, आणि चहा पिता पिता ड्रायव्हर कौतुक करायचे ते रंगाचं. ईश्वरदास माणूस वाईट नव्हता. पण मान तिरपी करून, जीभ दातांत धरून तो सहीचे जे लाड करायचा, ते बघून बकारामच्या पोटात दुखायचं. “मायं नाव टाकशील का गा कधी खाली?” असं त्यानं एकदा थट्टेत विचारलंही होतं.

“तुयं काय दिसून राहिलं तं नाव टाकू?” ईश्वरदास म्हणाला.

तीही थट्टाच. पण ती बकारामला वीस वर्षं झोंबत राहिली.

हायवेच्या डेंटरांची एक रीत आहे. पूर्ण बॉडीचं काम आलं आणि त्या कामावर जीव बसला, की मिस्त्री आपल्याकडून गाडीला ‘साल चढवून’ देतो. म्हणजे दहा सालची जीप आली असेल तर तिला बारा सालच्या मॉडेलची जाळी बसवायची, नाहीतर दिव्यांभोवती नव्या घडणीची चौकट करून द्यायची. मालकानं सांगितलेलं नसतं, मिस्त्रीही त्याचे पैसे मागत नसतो. मालक गाडी घेऊन घरी जातो, शेजारी विचारतात, नवी घेतली का गा? आणि तो मिस्त्रीला आयुष्यभर विसरत नाही. बकारामच्या उस्तादानं त्याला पहिल्या दिवशी हातोडी धरायला शिकवली आणि शेवटच्या दिवशी एवढंच सांगितलं, की गाडी आली त्यापेक्षा एक साल वर चढून गेली पाहिजे. हायवेवर जुनी गाडी स्वस्त आणि नवी महाग, हे शेंबड्या पोरालाही कळतं. याच्या उलट न्याय चालतो अशीही एक दुनिया आहे, हे बकारामला सांगायला कधी कोणी आलं नाही.

मग एका दुपारी गोंदियाचे भुपेंद्र सेठ आले. राईस मिलवाले, हौशी माणूस. मागं ट्रेलर, त्यावर ताडपत्रीखाली एक लाल गाडी. कोलकात्याच्या कुठल्याशा बंद कोठीत चाळीस वर्षं सडत पडलेली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली अमेरिकन मस्टँग. पासष्टचं मॉडेल, असं सेठ म्हणाले. ताडपत्री काढली तेव्हा गाडीच्या तळातून ट्रेलरची फळी दिसत होती.

“मिस्त्री, नागपुरवालों ने हाथ खड़े कर दिए। बोलते हैं, अमेरिका से पत्रा मंगाओ। तू बना लेगा?”

बकारामनं दारावरून तळहात फिरवला. डेंटर डोळ्यांनी बघत नाही, तळहातानं बघतो. पुट्टीचा एक थरही नव्हता. पत्रा जाड होता, खरा होता, आणि साठ वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकन कामगाराच्या यंत्रानं दिलेला बाक अजून जसाच्या तसा होता.

“बन जाएगी, सेठ.”

“बन गई ना, तो बोनट के अंदर पीतल की पट्टी लगवाऊंगा। तेरे नाम की। नागपुर के शो में दुनिया देखेगी।”

सेठ पुढंही बरंच काही बोलले. बकारामनं त्यातलं काहीएक ऐकलं नाही.

त्याची मुलगी अल्का तहसीलजवळच्या ऑनलाइन सेंटरवर कामाला होती. सातबारा आणि जातीचे दाखले काढता काढता तिनं बापासाठी मस्टँगच्या सगळ्या वर्षांची चित्रं छापून आणली. बकारामनं ती शेडच्या पत्र्यावर ओळीनं चिकटवली आणि संध्याकाळी अल्का इंग्रजी वाचून त्याचा अर्थ सांगू लागली. बाप दहावी नापास, पण गाडीच्या तोंडवळ्यात त्याला जे दिसायचं ते छापणाऱ्यांनाही दिसलं नसेल. पासष्टच्या जाळीतला धावता घोडा आडव्या-उभ्या पट्ट्यांना बांधलेला. सहासष्टमध्ये त्या पट्ट्या गेल्या आणि घोडा चौकटीसकट मोकळा झाला. पासष्टच्या कुशीवरच्या खोबणीला साधी चकचकीत कड, सहासष्टला तिथं पट्ट्यांची तीन बोटं. सदुसष्टमध्ये गाडी अंगानं भरली, मागचे दिवे आत खोल गेले. अडुसष्टला कुशीवर दिवे आले. एकोणसत्तरला समोर चार दिवे लावले आणि सत्तरला पुन्हा दोनवर आले, ते पाहून बकाराम हसला होता. “चुकलं ते समजलं वाटते त्याईले,” तो म्हणाला. एकाहत्तरपासून पुढची गाडी त्याला अजिबात आवडली नाही. लांबच लांब, जड, बाळंत व्हायला आलेल्या म्हशीसारखी. आणि चौऱ्याहत्तरची एवढीशी गाडी बघून तर त्यानं तो कागदच उलटा चिकटवला.

महिनाभरात त्याचं मत पक्कं झालं. सगळ्यांत उजवी सहासष्टची. पासष्ट म्हणजे शिकाऊ कारागिराचं काम, ध्यानात सगळं आहे पण हात बसलेला नाही. सहासष्ट म्हणजे हात बसला, आणि त्यापुढं हाताला माज आला. हे तो ईश्वरदासला सांगायचा, चहावाल्याला सांगायचा, टायर बदलायला थांबलेल्या ड्रायव्हरलाही सांगायचा. घरच्यांचे तर कान किटून गेले होते. त्याची बायको सुमित्राबाई म्हणायची, “आमच्या लग्नाचं साल आठवत नाई याईले, अन् त्या गाडीचे सगळे साल तोंडपाठ.”

काम अकरा महिने चाललं. अख्खा तळ त्यानं सपाट पत्र्यातून हातानं ठोकून काढला, प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा. बाकीची कामं परत पाठवली. वरून पूल होणार म्हणून त्या ओळीतल्या शेडना नोटिसा लागल्या होत्या, त्या त्यानं वाचल्याही नाहीत. सेठ पंधरा दिवसांनी एकदा यायचे, गाडीला टेकून फोटो काढायचे आणि जायचे. पासष्ट आणि सहासष्टमधला फरक त्यांना विचारला असता तर ‘एक’ एवढंच उत्तर मिळालं असतं.

बॉनेट शेवटी हाताशी घेतलं. तेव्हा बकारामच्या तळहाताला एक गोष्ट खुपली. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, दिव्यांच्या वर, बॉनेटची कड आत वळवलेलीच नव्हती. बोट फिरवलं तर कापेल अशी कोरी सोडली होती. असलं अर्धवट काम तर त्याच्या शेडमध्ये नवखा पोरगाही टाकून गेला नसता. त्यानं अल्काला शोधायला लावलं.

“बाबा, हे पासष्टच्याबी पयलेची हाये,” दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. “अगदी सुरवातीच्या चार-पाच महिन्यातली. साडेचौसष्ट म्हणतेत तिले. तवाच अशी कड होती. मंग कंपनीनं ती वळवून टाकली.”

“म्हणजे कंपनीलेबी मागून अक्कल आली.”

“अन् इथं लिवलं हाये का लोकं ह्या पयल्या गाड्याच जास्त शोधून राहिले.”

“शोधतीन नाई तं काय? जुन्या गाडीले सामान कोठून भेटन? जुन्याचं सामान जुन्यालेच लागते.”

अल्काला ते पटलं. तिनं तरी कुठं असल्या गाड्या पाहिल्या होत्या? हायवेवर जुनी गाडी कोणी शोधत असेल तर ती कापून भाग काढायलाच. बापलेकींनी एवढा विचार केला आणि तिथंच थांबले. तिथं एक फोन, कोणा जाणत्याला एक प्रश्न, आणि पुढचं सगळं टळलं असतं. पण आपल्याला कळतं याची ज्याला खात्री असते, तो विचारायला जात नाही.

साल चढवायचं त्यानं त्याच आठवड्यात ठरवलं. असलं काम जन्मात एकदा येतं, त्याला रीत सोडून कसं चालेल? साडेचौसष्टला थेट सहासष्ट करायचं. त्यानं दोन्ही कोपऱ्यांची कड गॅसवर तापवून, मागून डॉलीचा लोखंडी ठोकळा लावून, टिचक्या मारल्यासारखी हातोडी चालवत आत वळवली, ती इतकी सफाईनं की कंपनीनं लाजावं. जाळी नवी केली, बारीक आडव्या पट्ट्यांची, आणि घोडा मोकळा केला. कुशीवरची तीन बोटं पितळेतून घडवली आणि नागपूरहून त्यांच्यावर चमक चढवून आणली. जुनी जाळी आणि कुशीवरच्या जुन्या चकचकीत कडा भंगारवाल्याच्या गाडीत गेल्या.

“सांगतलं तेवढंच करा ना,” सुमित्राबाई म्हणाली होती. “काऊन आपल्या मनचं घुसडून राहिले?”

“तुले काय समजते वो? मी कायले सेठले विचारू? विचारून केलं तं ती रीत कायची?”

सेठ गाडी न्यायला आले तेव्हा बकारामनं एकेक बदल बोट लावून दाखवला. ही जाळी सहासष्टची, ही तीन बोटं सहासष्टची, ही कड मी वळवली. सेठ ऐकत होते आणि मान डोलावत होते. “क्या बात है मिस्त्री! पुरानी थी, एकदम नई कर दी!” त्यांनी चक्क बकारामला मिठी मारली. पितळेची पट्टी खिशातच आणली होती. बॉनेटच्या आत, उजव्या अंगाला, स्वतःच्या हातानं स्क्रू फिरवून ती लावली. ‘बकाराम टेंभुर्णे, सडक अर्जुनी’. बकारामनं ती तीनदा वाचली. अल्काही तिथंच होती, आणि ईश्वरदास शेजारी उभा होता. “दिसून राहिलं गा आता तुयं,” तो म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं.

नागपूरच्या शोला बकाराम अल्काला घेऊन गेला. नवा शर्ट, त्याच्या इस्त्रीची घडी अजून मोडलेली नव्हती. मैदानात ओळीनं जुन्या गाड्या, लोकांच्या हातात फोन. परीक्षक पुण्याहून आले होते. पांढरे केस, हातात छोटी बॅटरी आणि दांडीला लावलेला आरसा. ते मस्टँगपाशी आले, आरसा खाली सरकवून तळ पाहिला आणि बराच वेळ उठलेच नाहीत. उठले तेव्हा चेहऱ्यावर आनंद होता.

“हा तळ हातानं केलाय? या देशात असं काम करणारा माणूस आहे?”

अल्कानं बापाचा हात दाबला.

मग त्या माणसानं इंजिनजवळ ठोकलेला नंबर वाचला. पहिला आकडा पाच, म्हणजे पासष्टचा. बॅटरी जराशी हलवून त्यांनी आणखी दोन-चार खुणा पाहिल्या आणि ते एकदम ताठ झाले. “अहो, ही साडेचौसष्ट आहे! पहिल्या महिन्यांतली! भारतात अशी दुसरी कुठली असेल असं मला वाटत नाही.” ते लगबगीनं पुढं आले, बॉनेटच्या कोपऱ्याला बोट लावलं, आणि बोट तिथंच राहिलं. त्यांनी दुसरा कोपरा पाहिला. जाळी पाहिली. कुशीवरची तीन बोटं पाहिली. आजूबाजूला आता गर्दी झाली होती आणि चार-पाच जण फोन वर धरून उभे होते.

“कोणी केलं हे?” त्यांनी विचारलं.

भुपेंद्र सेठ पुढं झाले. त्यांना एवढं कळलं होतं की काहीतरी बिघडलंय. “सर, मैंने तो साफ बोला था, कुछ बदलना मत। लेकिन इन लोगों को कितना भी समझाओ...”

“खोटं बोलून राहिले हे!” अल्का म्हणाली. बकारामनं तिचं मनगट धरलं.

परीक्षकांचं सेठकडं लक्षच नव्हतं. त्यांनी बॉनेटच्या आत बॅटरी मारली आणि पितळेच्या पट्टीवरचं नाव मोठ्यानं वाचलं. “बकाराम टेंभुर्णे, सडक अर्जुनी.” मग ते समोरच्या फोनकडं न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, आणि त्यातला शब्दन् शब्द टिपला गेला. “एखाद्या अडाण्यानं केलं असतं तर वरवरचं केलं असतं. काढून टाकता आलं असतं. या बकारामानं इतकं उत्तम केलंय की आता मागं फिरता येत नाही. ही कड उलटी वळवली तर पत्रा फाटेल. साठ वर्षं गंजानं जे गेलं नाही, ते या माणसाच्या कौशल्यानं गेलं.”

बकाराम त्यांच्यापासून चार हातांवर उभा होता. तो पुढं झाला नाही. सेठनं सगळं बघून मिठी मारली होती, हे तो सांगू शकला असता, अल्का साक्षीला होती. पण सेठच्या खोट्याचा त्याला रागच आला नाही, निदान तेव्हा तरी. तो त्या म्हाताऱ्याच्या बोटाकडं बघत होता. ते बोट कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होतं, आणि ते डेंटरचंच बोट होतं, डोळ्यांपेक्षा जास्त बघणारं. त्याला जे कळलं ते खरं होतं. बकारामला आपल्या हातावर जन्मभर जेवढा गर्व होता, तेवढी त्या घटकेला त्या हाताची किळस आली.

परतीच्या बसमध्ये साकोली आली. बकाराम म्हणाला, “तू सांगतलं होतंस, लोकं ह्याच गाड्या शोधून राहिले म्हणून.”

“मीबी कोठं समजली होती, बाबा?” अल्का म्हणाली आणि रडू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सेठला फोन केला. नवं बॉनेट अख्खं हातानं घडवून देतो, कोरी कड ठेवून, असं सांगायचं होतं. सेठनं उचलला नाही. आठ दिवस उचलला नाही, आणि नवव्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी उचलून सांगितलं की सेठ तुमच्याशी बोलू इच्छित नाहीत. गाडी गोंदियाच्या बंगल्यासमोर काचेच्या खोलीत ठेवली आहे, आणि सेठ पाहुण्यांना तिची गोष्ट सांगतात, असं नंतर कानावर आलं. एका अडाणी मिस्त्रीनं त्यांना कसं बुडवलं, ती गोष्ट. पट्टी त्यांनी काढली नाही. गोष्टीला पुरावा लागतो.

व्हिडिओ आधी ईश्वरदासच्या फोनवर आला. त्यानं दोन दिवस दडवून ठेवला, पण हायवेवर दडवून काय दडणार? देवरीच्या गॅरेजवाल्यांनी पाहिला, राजनांदगावच्यांनी पाहिला, रायपूरच्यांनी पाहिला. लोकांना एवढंच कळलं की बकाराम नावाच्या कोणीतरी सोन्यासारखी गाडी सुधारून सुधारून मातीत घातली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणून लोक हसले, आणि पुढं पाठवून मोकळे झाले. मिठीचा व्हिडिओ कोणी काढला नव्हता.

पुलाचं काम सुरू झालं तशी दोन्ही शेडं पडली. ईश्वरदासनं कोहमारा फाट्याकडं नवी जागा धरली आणि बकारामला बाजूला उभं राहायला जागा दिली. पूर्ण बॉडीची कामं आता त्याच्याकडं येत नव्हती. यायचे ते छोटे डेंट, दाराचे, मडगार्डचे. तो सांगितलं तेवढंच करायचा. ती रीत त्यानं सोडली, आणि सोडली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पावसाळा सरता सरता दुर्गकडचा एक पन्नाशीचा माणूस जुनी जीप घेऊन आला. मागचं मडगार्ड दुमडलं होतं. वडिलांच्या वेळची जीप, जपून ठेवलेली. बकारामनं तळहात फिरवला आणि हातोडी काढली.

“भैया, जितना पिचका है उतना ही सीधा करना,” तो माणूस म्हणाला. “बकाराम मत कर देना।”

शेजारी ईश्वरदासचा ब्रश थांबला.

“क्या नहीं करना?” बकारामनं विचारलं.

“अरे, बकाराम। आप लोग नहीं बोलते? अच्छी-भली चीज़ को सुधारने जाओ और सत्यानाश कर दो। हमारे तरफ तो अब घर में भी बोलते हैं। मेरी बहू ने कल खीर में पता नहीं क्या-क्या डाल दिया, मेरी घरवाली बोली, बकाराम कर दी।” तो मोकळेपणानं हसला. “कोई आदमी था बोलते हैं इस नाम का। पता नहीं, था भी कि नहीं।”

“नहीं करूंगा,” बकाराम म्हणाला.

त्यानं मडगार्ड सरळ केलं. तासभर लागला. त्या माणसानं बोट फिरवून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि डोळे विस्फारले. दुमडल्याची खूणसुद्धा हाताला लागत नव्हती. “वाह! हाथ है कि क्या है! अपना नंबर दो भैया, दुर्ग में सबको बताऊंगा। नाम क्या लिखूं?”

ईश्वरदास ब्रश हातात तसाच धरून बघत होता. बकारामनं नंबर सांगितला, हातोडी पेटीत ठेवली, डॉली ठेवली, हात फडक्याला पुसले.

“लिखो,” तो म्हणाला, “ईश्वरदास पेंटर के बाजूवाला.”

त्या माणसानं तसं टिपून घेतलं आणि नंबर बरोबर लागतो का, ते एकदा लावून पाहिलं.